ऑस्कर ऊर्फ मेल्या

घरात कुत्रं आलं तर मी नागपूरला ताईकडे निघून जाईन, असं आई गेली ६ वर्षं म्हणतेय. आणि मी एका बेसावध क्षणी लेकीला म्हणून बसलो की दहावीत ८५च्या वर गेलीस तर आणू, मला वाटलं होतं ७०चा मामला आहे, पण ती गेली की हो ८७ला. निकालानंतर पंधरा दिवसांत ४ महिन्यांचं एक देशी पिल्लू आमच्या पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या टू बीएचकेमध्ये दाखल झालं. लेकीने नाव ठेवलं ऑस्कर. आईने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "नागपूरला आत्ता ऊन फार आहे, पाऊस पडला की जाते."

ज्या ताईंनी त्याला फोस्टर केलं होतं त्यांनी आम्हाला ३-३-३ चा नियम समजावला होता. पहिले ३ दिवस बुजलेला असेल, ३ आठवड्यांत रुळेल, ३ महिन्यांत घरचा होईल. आम्ही समजूतदारपणे माना डोलावल्या, टीव्हीचा आवाज कमी केला, पाहुण्यांना येऊ नका सांगितलं. ऑस्करने ३ मिनिटं बुजून घेतलं, मग सोफ्यावर उडी, सोफ्यावरून टीपॉयवर आणि टीपॉयवरून माझ्या चहात.

खरा छळ सुसूचा. पिल्लू जितक्या महिन्यांचं तितके तास धरू शकतं, वर फार तर एखादा, असा ढोबळ हिशोब असतो, तो ऑस्करला कोणी सांगितलेला नाही. रात्री अडीचचा अलार्म लावून मी त्याला खाली न्यायचो, पावसात छत्री मानेत धरून उभा राहायचो, आणि हा पार्किंगमधल्या प्रत्येक गाडीच्या प्रत्येक टायरचा वास असा घ्यायचा की जणू सेकंडहँड घ्यायचीये. वीस मिनिटं काही नाही. वर आलो की दारातल्या पायपुसण्यावर, बरोब्बर 'सुस्वागतम' या अक्षरांवर. मी पेटून बाजारातलं सगळ्यात उग्र क्लीनर आणलं आणि रोज घासायचो, तरी हा परत तिथेच. शेवटी डॉक्टर म्हणाले, अहो त्यात अमोनिया आहे, त्याला तो सुसूचाच वास वाटतो. म्हणजे आठवडाभर आम्ही जागा पुसत नव्हतो, बोर्ड लावत होतो! आता व्हिनेगरच्या पाण्याने पुसतो. घरात कायम चायनीजच्या गाडीवर उभं राहिल्यासारखं वाटतं, पण पायपुसणं कोरडं असतं.

त्यात दात पडायचं वय. २८ दुधाचे जाऊन ४२ पक्के येणार, आणि तोवर हिरड्या शिवशिवतात म्हणून दिसेल ते चावायचं. माझी डावी कोल्हापुरी गेली (उजवी अजून आहे, कोणाला हवी असल्यास सांगा), बायकोचा चार्जर गेला, आणि आईच्या नागपूरच्या बॅगेचा बंद. आईने त्या दिवशी त्याला जे काही ऐकवलं त्यातलं छापण्यासारखं फक्त 'मेल्या' आहे. मेल्या सोड, मेल्या ऊठ, मेल्या तिकडे देव आहेत! दिवसातून शंभर वेळा.

मग एका सकाळी तिला गोधडीत काहीतरी टोचलं. बघते तर दात. आंबेमोहोरच्या दाण्याएवढा, एका टोकाला किंचित लाल. तिने तो तळहातावर घेऊन खिडकीशी उजेडात नेला, चष्मा वर करून निरखला, आणि मी बघत नाहीये असं समजून तुळशीच्या कुंडीत पुरला. माझे आणि ताईचे दात तिने असेच पुरले होते.

त्यानंतर घरातले कांदेपोहे बदलले. कांदा कुत्र्याला विषारी असतो हे लेकीने एकदाच सांगितलं होतं. बिनकांद्याचे पोहे आमच्याकडे फक्त चातुर्मासात व्हायचे, आता बारा महिने एक वाटी बिनमिठाची, बिनकांद्याची वेगळी निघते. विचारलं तर म्हणते, "मला ॲसिडिटी होते." पाऊस पडून महिना झाला, नागपूरचा विषय नाही.

रात्री साडेनऊला त्याच्या अंगात येतं ते वेगळंच. हॉल-बेडरूम-हॉल, कान मागे, शेपूट पोटाशी, वळणावर घसरून कपाटावर धाड! खालच्या काकूंनी फोन करून विचारलं, रोज रात्री फर्निचर का हलवता हो?

परवा संध्याकाळी गेटपाशी पट्टा निसटला. मी "ऑस्कर! ऑस्कर बेटा!" करत मागे, हातात बिस्किट, आणि हा मान वळवायलाही तयार नाही, समोर मेन रोड. माझा जीव घशात आला आणि नकळत तोंडातून गेलं, "मेल्या!! इकडे ये आधी!"

जागच्या जागी वळला आणि धावत येऊन माझ्या पायावर बसला. दहा पावलांवर चालायला निघालेले सोसायटीचे सेक्रेटरीही थांबले, आणि मागच्या तिमाहीचा मेंटेनन्स माझ्याकडे थकलेला असल्याने ते जरा जास्तच वेळ बघत राहिले. मी काही बोलणार इतक्यात वरून, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून, आईचा आवाज आला, "अरे, त्या बिचाऱ्याला शिव्या काय देतोस!"