खुलासा: यूस्पॅपला मुदत नाही, ७ तासांचा कोर्स मात्र आहेच

अमेरिकेतल्या मराठी अप्रेझर (मालमत्तेचं मूल्यांकन करणाऱ्या) मंडळींत यूस्पॅपबद्दल, म्हणजे मूल्यांकनाच्या व्यावसायिक नियमांच्या पुस्तकाबद्दल, एक मेसेज फिरतोय: '२०२४ च्या यूस्पॅपला शेवटची तारीख नाही, म्हणजे अपडेट कोर्सची कटकट संपली.'

पहिला भाग खरा आहे. १ जानेवारी २०२४ पासून लागू झालेल्या आवृत्तीवर समाप्तीची तारीख छापलेली नाही. पण कोर्सचं बंधन पुस्तकाच्या मुदतीतून येतच नाही. ते येतं अप्रेझर क्वालिफिकेशन्स बोर्डाच्या (अप्रेझरच्या पात्रतेचे निकष ठरवणाऱ्या मंडळाच्या) निकषांतून, आणि तिथे दर दोन कॅलेंडर वर्षांत ७ तासांचा राष्ट्रीय अपडेट कोर्स सक्तीचा आहे. वर्षाला १४ तासांच्या हिशेबाने दोन वर्षांचे सततच्या शिक्षणाचे जे २८ तास होतात, त्यातच हे ७ धरले जातात, वेगळे नाहीत.

नियम तेच असले तरी चुका होतातच. वर्कफाइल (प्रत्येक मूल्यांकनाच्या कागदपत्रांची फाइल) 'पाच वर्षं ठेवली की झालं' हा नेहमीचा गैरसमज. मूल्यांकनाबद्दल कोर्टात साक्ष दिली असेल, तर प्रकरण अंतिम निकाली निघाल्यावर आणखी दोन वर्षं. दोन्हींपैकी जी मुदत उशिरा संपते ती धरायची. मागच्या तीन वर्षांत त्याच मालमत्तेचं काम केलं असेल तर तेही सांगावं लागतं, आणि अहवालातल्या सर्टिफिकेशनमध्ये (सही केलेल्या निवेदनात) नेमकं हेच राहून जातं.

राज्याच्या अटी याहून कडक असू शकतात. परवान्याच्या नूतनीकरणाआधी आपल्या राज्याच्या बोर्डाकडे तपासा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.