दीपकाडी, सडा आणि सातबारा

नमस्कार. दीपकाडी हे कोकणच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारांवर, पावसात फुलणारं कांद्याचं रानफूल. तिच्यावरचं माझं लिखाण वाचून तुम्ही लिहिलंत, "सडा आमचा, त्यात राबायचं आम्ही, आणि फुलासाठी हातही आमचेच बांधायचे? एवढं प्रेम असेल तर कांदे उचला आणि बागेत लावा." राग पोचला. त्यातलं अर्धं मला मान्य आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

"सडे राखले पाहिजेत" असं मी लिहिलं, पण राखायचे कोणी आणि पदरमोड कोणाची, यावर एक ओळ लिहिली नाही. ती माझी चूकच. कास पठार मुख्यतः वनखात्याकडे आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले बरेच सडे मात्र कुणा ना कुणाच्या सातबाऱ्यावर आहेत, तेही सामाईकात. पूर्वी सड्याचं गवत तरी होतं. दिवाळीनंतर कापायचं, भारे बांधायचे, उरलं तर विकायचं. आता गोठे रिकामे झाले, गवताला गिऱ्हाईक नाही. अशा वेळी सड्यातून बांधकामाचे चिरे काढणारा खाणवाला पैसे घेऊन दारात आला, तर त्याला परत पाठवा असं मी कोणत्या तोंडाने सांगू?

पण "कांदे उचला" हे मला पटत नाही.

माझ्या माहेरच्या सड्यावर एक खळगा आहे, दोन खाटा मावतील एवढा. माती जेमतेम चार बोटं, खाली कातळ. मे महिन्यात तिथे अनवाणी उभं राहवत नाही. पाऊस लागला की जूनअखेरीस त्यातून पांढरीशुभ्र फुलं वर येतात. पात इतकी गवतासारखी, की फूल नसेल तेव्हा मलाही ओळखता येत नाही. मग बोंडं धरतात, ती तडकून चपट्या काळ्या बिया पडतात आणि पाऊस सरला की वर काहीच उरत नाही, कांदा खाली निजलेला. १८५० मध्ये डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने या झाडाचं वर्णन केलं, शास्त्रीय नावातच कोकण आहे. कोकण-गोव्याचे सडे हेच तिचं घर.

कुंडीत कांदा जगेलही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. आर. यादव यांनी दुर्मीळ कंदीलपुष्पं वाढवली आणि पुन्हा रानात नेऊन लावली. न्यायला रान शिल्लक होतं म्हणून ते जमलं. सडाच खणून काढला, तर बागेतली दीपकाडी परत कुठे लावायची?

आणि आजवर ही फुलं राखली कोणी? गवत कापणाऱ्यांनीच, म्हणजे तुमच्या-माझ्या घरच्यांनी. विळ्याने कांद्याचं काही बिघडत नाही, सुरुंगाने आणि जेसीबीने तो मुळासकट जातो. १९९० नंतर रोजगार हमी योजनेतून शंभर टक्के अनुदानावर फळबागा आल्या, कातळात खड्डे फोडून बाहेरची माती भरली गेली. आमचंही घर हापूसवर चाललं, त्यामुळे बागायतदारांना मी नावं ठेवणार नाही.

आमचा सडाही सामाईक आहे. चुलतभावांना तो सगळाच खाणीला द्यायचा होता. दोन वर्षं, दर मे महिन्यात, त्यावरून भांडणं झाली. एकदा तर जेवणाच्या पंगतीवरून माणसं उठून गेली. शेवटी रस्त्याकडचा तुकडा दिला, पैसे वाटून घेतले, माझा वाटा मीही घेतला. वरच्या खळग्यांच्या बाजूला मधे गडगा, म्हणजे रचलेल्या दगडांचा बांध, घातला. तिथे शेजाऱ्यांची गुरं चरतात, कुणाला हवं तर गवत नेतात. सगळा सडा वाचला नाही, याचं दुःख आहेच. खळगे वाचले.

तुम्हालाही एवढंच मागते. करारावर सही करण्याआधी एकदा जूनअखेरच्या पावसात सड्यावर फेरी मारा. जिथे पांढरं दिसेल तिथे चार दगड रचून ठेवा, कारण दिवाळीनंतर मोजणीला माणसं येतील तेव्हा तिथे नुसतं वाळलेलं गवत असेल. फुलं सापडली तर मला जरूर कळवा, पण गावाचं नाव इथे लिहू नका. कांदे उपटून नेणारेही हे वाचतात.