सोसणे हा बालसंधिवातावरचा उपचार नव्हे

बालसंधिवाताविषयीचा एक संदेश सध्या समाजमाध्यमांवर मोठ्या प्रमाणात फिरत असून, माझ्या दिवंगत थोरल्या बहिणीला आदरांजली म्हणून काही आप्तांनी तो तिच्या छायाचित्रासह पुढे पाठवला आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: लहान मुलांना संधिवात होत नाही, वाढीच्या वयात हाडे दुखतात आणि सोळाव्या वर्षी ते आपोआप थांबते, रक्ताच्या तपासण्या निर्दोष आल्या तर दुखणे मनाचे समजावे, औषधे आजारापेक्षा घातक असतात, आणि जिद्दी मुले कसलीही तक्रार न करता हसतमुखाने यातून बाहेर पडतात. पाठवणाऱ्यांच्या मनात ताईविषयी प्रेमच आहे, याबद्दल मला शंका नाही. परंतु बालपणी जडलेला हा आजार तिने अखेरपर्यंत सांभाळला, आणि तिच्या चेहऱ्याखाली लिहिलेले यातले जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचे आहे.

लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी मुलांमधील संधिवाताचे सविस्तर वर्णन १८९७ मध्येच प्रसिद्ध केले होते. आज ज्याला ज्युवेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस म्हणतात, तो सोळा वर्षे पूर्ण होण्याआधी सुरू झालेला, किमान सहा आठवडे टिकलेला आणि दुसरे कोणतेही कारण न सापडलेला सांधेदाह असतो. संदेशातले 'सोळावे वर्ष' बहुधा याच व्याख्येतून उचललेले असावे. मात्र ती मर्यादा आजार सुरू होण्याची आहे, संपण्याची नव्हे. काही मुलांचा आजार पूर्ण शांत होतो हे खरे, पण अनेकांची सोबत तो प्रौढ वयातही सोडत नाही. वाढीच्या वयातल्या दुखण्याची तऱ्हाच वेगळी असते: ते सहसा संध्याकाळी किंवा रात्री दोन्ही पायांत उठते आणि सकाळी मूल पुन्हा धावू लागते. संधिवातात नेमकी सकाळच अवघड जाते. सांधे आखडलेले असतात, मूल लंगडते, आणि दिवस वर येतो तसे मोकळे होत जाते.

रक्ततपासणीचा मुद्दा थोडक्यात निकालात काढता येतो. या आजाराचे निदान प्रामुख्याने सांधे हाताळून, तपासून केले जाते. रूमेटॉइड फॅक्टर, म्हणजे संधिवातासाठी रक्तात शोधले जाणारे एक प्रतिपिंड, बहुसंख्य मुलांमध्ये आढळतच नाही, आणि मोजकेच सांधे सुजलेले असतील तर रक्तातील दाहाचे आकडेही सर्वसाधारण येऊ शकतात. कागद निर्दोष आहे म्हणून सुजलेला गुडघा खोटा ठरत नाही.

औषधांविषयीच्या विधानात सत्याचा अंश आहे, म्हणूनच ते अधिक फसवे आहे. मेथोट्रेक्सेट हे या आजारावर नेहमी दिले जाणारे औषध कर्करोगावरही वापरतात. परंतु संधिवातात ते आठवड्यातून एकदा, पुष्कळ कमी मात्रेत आणि यकृताच्या व रक्तपेशींच्या नियमित तपासण्या करून दिले जाते. मळमळ होते, आणि काही मुलांना तर ते पिवळे औषध नुसते दिसले तरी उमासे येतात. ताईने मोठेपणीही पिवळ्या रंगाचे कापड कधी अंगाला लावले नाही. पण औषध न घेण्याचे परिणाम संदेशात कुठेच नाहीत. दाह चालू राहिलेल्या गुडघ्याकडे रक्तपुरवठा वाढतो आणि लहान मुलात तो पाय दुसऱ्यापेक्षा लांब वाढू शकतो. जबड्याच्या सांध्यात दाह राहिला तर हनुवटीची वाढ खुंटते. पूर्वी अनेक मुलांना दीर्घकाळ स्टेरॉइडवर राहावे लागे आणि त्यात उंची व हाडांचे नुकसान होई. १९९९ मध्ये अमेरिकेत एटानरसेप्ट या जैविक औषधाला, म्हणजे दाह घडवणारा शरीरातील विशिष्ट घटक रोखणाऱ्या औषधाला, मुलांच्या संधिवातासाठी मान्यता मिळाली आणि त्यानंतर आलेल्या अशा औषधांनी हे चित्र पुष्कळ बदलले. त्यांच्याबरोबर जंतुसंसर्गाचा धोका येतो, म्हणून ती क्षयरोगाची तपासणी करूनच सुरू करतात.

आता ज्या विधानासाठी हा संदेश सर्वाधिक वाखाणला गेला, त्याकडे येतो: 'तिने कधीच तक्रार केली नाही.' ताई तक्रार करीत असे, आणि नेमकी करीत असे. कोणते बोट आज मिटत नाही, सकाळचा ताठरपणा किती वेळ राहिला, कोणत्या गोळीने पोट बिघडले, हे ती डॉक्टरांना न विचारताच सांगे, आणि त्यावरून तिचे उपचार बदलले जात. अगदी लहान मुलांना हे सांगता येत नाही. ती फक्त चालण्याऐवजी कडेवर घ्या म्हणतात, दुखरा हात वापरणे सोडून देतात, आणि मोठी माणसे त्याला हट्ट म्हणतात. याहून गंभीर बाब डोळ्यांची आहे. या आजारात डोळ्याच्या आत होणारा दाह, म्हणजे यूव्हिआयटिस, बहुतेकदा लाली किंवा वेदनेशिवाय वाढतो आणि मोतीबिंदू, काचबिंदू किंवा अंधत्वापर्यंत नेऊ शकतो. तो स्लिट लॅम्पनेच, म्हणजे डोळ्याच्या आत पाहण्याच्या सूक्ष्मदर्शकानेच, वेळीच ओळखता येतो, त्यामुळे अधिक धोका असलेल्या लहान मुलांचे डोळे सुरुवातीची काही वर्षे दर तीन महिन्यांनी तपासले जातात. ताईची एका डोळ्याची दृष्टी अधू राहिली, कारण तिच्या बालपणी बराच काळ ही तपासणी झालीच नव्हती. डोळा दुखत नव्हता, म्हणून कोणाला गरज वाटली नव्हती. तक्रार नसणे म्हणजे आजार नसणे, हे मानणारा संदेश तिच्याच छायाचित्रासह फिरावा, हे मला मान्य नाही.

तो संदेश ज्यांनी पाठवला त्यांनी तो मागे घ्यावा. छायाचित्र ठेवायचे असेल तर त्याखाली एवढेच लिहावे की मुलाचा सांधा सुजलेला असेल किंवा ते रोज सकाळी लंगडत असेल, तर बालसंधिवातज्ज्ञांना दाखवावे, आणि निदान झाल्यास डोळे दुखत नसले तरी तपासून घ्यावेत.