नोंद केली असे

प्रोग्राममधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या गिट या अवजाराने मला विचारलेला पहिला प्रश्न म्हणजे, 'कृपया तुम्ही कोण आहात ते सांगा.' वय ४१, अनुभव १७ वर्षं, नव्या कंपनीतला तिसरा दिवस. हा प्रश्न तिथे सगळ्यांच्याच मनात असणार, पण तोंडावर विचारला तो फक्त गिटने, तोही आधी तीन चांदण्या काढून.

नाव आणि ईमेल भरून मी पुन्हा कमिटची, म्हणजे बदलांची नोंद करण्याची, आज्ञा दिली. त्यासरशी एक काळी पाटी उघडली. वर रिकामी ओळ, त्याखाली हॅशची खूण लावलेल्या काही सूचना, आणि त्याखाली डाव्या कडेला एकाखाली एक नागमोडी रेघा. हा व्हिम नावाचा एडिटर, आणि 'काय बदललंत ते लिहा' एवढंच त्याचं म्हणणं होतं. मला ते कळलं नाही. दुसऱ्याच्या खोलीत चुकून शिरलेला माणूस जसा घाईघाईने मागे फिरतो, तसं मी 'एक्झिट' टाइप केलं.

आता या एडिटरची रीत अशी, की उघडल्या उघडल्या त्यात अक्षर हे अक्षर नसतं, हुकूम असतो. एक्झिटमधला 'ई' म्हणजे 'पुढच्या शब्दाच्या टोकाला जा'. कर्सर गेला आणि खालच्या सूचनेच्या सुरुवातीच्या हॅशवर जाऊन थांबला. 'एक्स' म्हणजे 'खोड'. त्याने हॅश खोडला. 'आय' म्हणजे 'आता लिहून घे'. मग उरलेला 'टी' तेवढा त्याने इमानेइतबारे लिहून घेतला. हॅश लावलेल्या ओळी गिट वगळतं, पण या ओळीचा हॅश मीच उडवला होता. शेजारच्या मुलाने मान न वळवता 'एस्केप, कोलन, डब्ल्यू, क्यू' असा उतारा सांगितला, मी तो केला, आणि कंपनीच्या दप्तरात माझी पहिली नोंद पडली ती अशी : 'टी कृपया तुमच्या बदलांसाठी कमिट संदेश लिहा. ज्या ओळींची सुरुवात'. मूळ इंग्रजीत, पण अर्थ हाच. वाक्य तिथेच तुटतं, कारण पुढच्या ओळीचा हॅश शाबूत होता.

या प्रकाराबद्दल गिट बनवणाऱ्याने फसवलं असं मात्र म्हणता येणार नाही. लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यावर काम करणारी मंडळी बिटकीपर नावाचं एका कंपनीचं याच कामाचं अवजार फुकट वापरत होती. २००५ साली ती फुकट सवलत बंद झाली. तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी ३ एप्रिलला स्वतःचं अवजार लिहायला घेतलं, आणि ७ एप्रिलला गिटची पहिली नोंद गिटमध्येच पडली. त्या नोंदीत त्यांनी गिटचं वर्णन 'नरकातून आलेला माहिती-व्यवस्थापक' असं करून ठेवलंय. 'गिट' ही इंग्रजांच्या बोलीतली एक शिवी आहे, आणि आपण आपल्या प्रकल्पांना स्वतःचंच नाव देतो, असं त्यांनीच सांगितलंय. म्हणजे दारावर 'कुत्र्यापासून सावध राहा' अशी पाटी होती आणि मी ती न वाचताच कडी काढली. त्याच महिन्यात, त्याच कारणाने मर्क्युरियल नावाचं दुसरं अवजारही सुरू झालं. त्याची आज्ञा म्हणजे पाऱ्याची रासायनिक खूण. माझा पारा मात्र गिटनेच चढवला.

माझी अडचण अशी की मी अगदी कोरा नव्हतो. आधीच्या नोकरीत एसव्हीएन नावाचं याच कामाचं जुनं अवजार होतं. (त्याआधीच्या नोकरीत तेही नव्हतं. तिथे 'फायनल', 'फायनल साहेबांनी बघितलेलं' आणि 'दिवाळीआधीचं चालणारं' असे फोल्डर होते, आणि खरं चालायचं ते तिसरं.) एसव्हीएनमध्ये एक सर्व्हर असतो. कमिट केलं की माल थेट तिथे पोचतो. सर्व्हर बसला की सगळे चहाला जातात. हा साधा, सामाजिक व्यवहार माझ्या हाडीमाशी खिळला होता.

गिटमध्ये कमिट आपल्या घरातच राहतं. बाहेर जायला वेगळं पुश करावं लागतं. हे मला कुणी सांगितलं नाही, कारण हे कुणाला सांगावं लागेल असं तिथे कुणाला वाटलंच नाही. नऊ दिवस मी रोज सकाळच्या मीटिंगमध्ये 'कमिट झालंय' असं ठणकावून सांगत होतो. लग्नाच्या पत्रिका छापून माळ्यावर ठेवाव्यात आणि पाहुणे का येत नाहीत म्हणून रुसावं, तसं. दहाव्या दिवशी आमच्या टीम लीडने, जी माझ्याहून चौदा वर्षांनी लहान आहे आणि मला 'सर' म्हणते तेव्हा मला जास्तच लहान वाटतं, अगदी मृदू आवाजात विचारलं, "सर, तुम्ही पुश केलंत का?"

मी म्हटलं, "कुणाला?"

मग पुश केलं. ते अर्थातच अडलं. नऊ दिवसांत बाकीचं जग पुढे गेलं होतं. इतरांचं काम ओढून घ्यायला पुल केलं तर चौदा फायलींमध्ये कॉन्फ्लिक्ट. म्हणजे एकच ओळ मीही बदललेली आणि दुसऱ्यानेही. अशा वेळी गिट दोन्ही ओळी फायलीत एकाखाली एक मांडतं, वर सात बाण, मध्ये सात बरोबरच्या खुणा, खाली उलटे सात बाण, आणि 'तुमचं तुम्ही बघा' म्हणून बाजूला होतं. 'आपलं' ठेवायचं की 'त्यांचं', एवढं सांगायचं. आपला तो बाब्या या न्यायाने मी धडाधड 'आपलं' ठेवत गेलो. पण टीम लीडच्या सल्ल्याने मी रीबेस करत होतो, आणि रीबेस करताना या दोन शब्दांचे अर्थ उलटे होतात : आपण आपली कामं उचलून दुसऱ्याच्या कामावर रचत असतो, म्हणून 'आपलं' म्हणजे त्यांचं आणि 'त्यांचं' म्हणजे आपलं. दोन तासांच्या मेहनतीने मी माझेच नऊ दिवस निवडून निवडून टाकून दिले आणि कार्ट्याला गादीवर बसवलं. (ते नऊ दिवस परत मिळाले. गिट आपल्या हालचालींची एक रोजनिशी गुपचूप ठेवतं, रीफलॉग म्हणतात तिला, आणि त्यात टाकून दिलेलं कामही ठरावीक दिवस सापडतं. पण हे सांगायला टीम लीडला माझ्या खुर्चीवर बसावं लागलं आणि मला तिच्या मागे उभं राहावं लागलं.)

मोठं कांड गणपतीच्या आदल्या संध्याकाळचं. सगळे लवकर गेलेले. मी पुश केलं आणि ते परत अडलं. संदेशाचा आशय होता, 'तिकडे असं काम आहे, जे तुमच्याकडे नाही.' १७ वर्षांच्या अनुभवाला हे असं बोलणं लागलं. नेटवर शोधलं तर कुणीतरी एका शब्दात इलाज दिला होता : फोर्स. मी तो शब्द जोडला, आणि गिट, जे एरवी साधं नाव बरोबर लिहिल्याशिवाय उभं करत नाही, ते निमूटपणे हो म्हणालं. तेव्हाच संशय यायला हवा होता.

तिकडे जे काम होतं आणि माझ्याकडे नव्हतं, ते आमच्या एका सहकाऱ्याचं होतं. चार दिवसांचं सगळं काम त्याने त्या दुपारी एकदम पुश केलं होतं आणि चिपळूणची गाडी पकडली होती. त्यानंतर कुणी पुल केलं नव्हतं. आता सर्व्हरवर फक्त मी होतो.

हे रात्री नऊला टीम लीडच्या लक्षात आलं. तिने मला फोन केला, मी चिपळूणला केला. फोन त्याच्या आईने उचलला. "तो मखर करतोय, हाताला डिंक आहे. काय काम होतं?" काय काम होतं ते आईला सांगण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, "त्याच्याकडे आमची एक वस्तू राहिली आहे." अर्ध्या तासाने तो आला, ऐकून घेतलं, हसला. म्हणाला, "माझ्या लॅपटॉपवर सगळं आहे. आजचंच काय, प्रोजेक्ट सुरू झाल्यापासूनचं आहे. थांबा, खळ्यात रेंज येते." पावसात, छत्री धरायला पुतण्याला उभं करून, त्याने खळ्यातून मोबाइलच्या नेटवर माझं आणि त्याचं काम जोडून परत वर चढवलं. 'डिस्ट्रिब्युटेड' हा शब्द मी तोवर कंपनीच्या सादरीकरणांत पुष्कळदा ऐकला होता. अर्थ त्या रात्री कळला : प्रत्येकाकडे अख्खं दप्तर.

हे सगळं मी गौरीच्या जेवणाला आलेल्या सासऱ्यांना सांगितलं. अण्णा निवृत्त तलाठी. जेवताना मी करमणूक म्हणून सांगत होतो, पण ते घास हातात धरून ऐकू लागले.

"म्हणजे हा फेरफार," ते म्हणाले.

"कुठला?"

"गाव नमुना सहा. फेरफार नोंदवही. सातबारा म्हणजे आज काय आहे ते. तो तसा का झाला, कुणी, कधी, कशावरून, ते सगळं फेरफारात. तुमच्या पोरांनी नवीन काय केलं यात?"

मी सांगितलं की नोंद केली म्हणून ती लगेच मुख्य शाखेत जात नाही. पुल रिक्वेस्ट टाकावी लागते, इतर लोक वाचतात, शेरे मारतात, मग टीम लीड मंजूर करते.

"बरोबर. तलाठ्याने नोंद घेतली की नोटीस, पंधरा दिवस हरकतीला, मग मंडळ अधिकारी प्रमाणित करणार. तुमच्यात किती दिवस?"

"दोन तास. आणि हरकती बहुतेक स्पेसबद्दल असतात."

मग त्यांनी मला, १७ वर्षांत मी कुणाला न विचारलेला प्रश्न विचारला. "प्रत्येकाच्या घरी पूर्ण दप्तर म्हणता. मग खरं कुठलं?"

खरं कुठलंच नाही. सगळी सारखीच खरी. सर्व्हरवरच्या प्रतीला आपण ओरिजिन म्हणतो ते केवळ सगळ्यांनी ठरवलं म्हणून. हे मी सांगितलं, तसे अण्णा बराच वेळ गप्प राहिले. भाऊबंदकीची किती प्रकरणं त्यांच्या डोळ्यांपुढून गेली असतील देव जाणे. "मग मधलं पान कुणी बदललं तर?"

हे सांगताना मला पहिल्यांदाच गिटचा अभिमान वाटला. प्रत्येक नोंदीला ४० अक्षरी क्रमांक असतो आणि तो नोंदीतल्या मजकुरावरून आणि आधीच्या नोंदीच्या क्रमांकावरून काढलेला असतो. मधला एक काना बदलला तरी तिथून पुढचे सगळे क्रमांक बदलतात. गुपचूप काही करता येत नाही.

"आणि तुम्ही ते फोर्स केलंत ते काय?"

"शेवटची पानं फाडून माझी चिकटवली."

"आमच्या नोकरीत असता तर निलंबन होतं, जावईबापू," अण्णा म्हणाले, आणि भात घेतला.

दिवाळीत अण्णांनी लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. मोजणीच्या जुन्या आठवणी लिहायला घेतल्या होत्या. सातबारा संगणकावर आला तेव्हा शिकलेल्या इनस्क्रिप्ट कीबोर्डावर, मराठीतच. रोज बदल होतात, काल काय होतं ते सापडत नाही, तर हे तुमचं दप्तर यावर लावून द्या. मी लावलं आणि फायलींची यादी मागवली. 'मोजणी' या नावाच्या जागी आलं : \३४०\२४४\२५६ आणि पुढे असेच आकडे.

अण्णांनी चष्मा वर केला. "ही मोडी का?"

मोडी नव्हती. इंग्रजीपलीकडचं अक्षर फायलीच्या नावात दिसलं की गिट ते बाइटच्या आकड्यांत दाखवतं, आणि आपल्या एका 'म'चे तीन बाइट होतात. 'कोटपाथ' नावाची एक सेटिंग बंद केली की मराठी नीट दिसायला लागते. ती बंद केली. मग कमिटची आज्ञा दिली, आणि तीन चांदण्या काढून प्रश्न आला : कृपया तुम्ही कोण आहात ते सांगा.

मी काहीतरी विनोद करणार होतो. पण अण्णा सरसावून बसले. "विचारणारच. नाव घेतल्याशिवाय नोंद कशी घेणार?" आणि त्यांनी स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, वय ७२, धंदा शेती व पेन्शन, मु. पो., तालुका, जिल्हा असं सगळं मला टाइप करायला लावलं. गिटने ते सगळं नावाच्या रकान्यात घेतलं.

मग ती काळी पाटी उघडली. मी 'आय' दाबला आणि काय लिहू विचारलं. अण्णांनी डोळे मिटून एका दमात सांगितलं, "मोजणी भाग पहिला. जावई यांचे तोंडी वर्दीवरून नोंद केली असे."

मी एस्केप दाबला.

"थांबा," अण्णा म्हणाले. "हरकतीचे पंधरा दिवस लिहायचे राहिले."