हरकतींच्या टेबलावर बसवा या मुलांना

पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा (पीएमआरडीए) प्रारूप विकास आराखडा सरकारने २०२५ मध्ये रद्द केला, तेव्हापासून पुण्याहून येणाऱ्या फोनवर हा विषय हमखास निघतो. सहा हजार चौरस किलोमीटरहून मोठ्या क्षेत्राचा, २०२१ साली जाहीर झालेला आराखडा. त्यावर लोकांच्या हरकतींचा पाऊस, सुनावण्या, कोर्टकचेरी, आणि शेवटी पाटी कोरी. यावर घरच्यांची आणि मित्रांची दोन मतं आहेत. काही म्हणतात, आपल्याकडे प्लॅनर, म्हणजे नगररचनाकारच नाहीत. कॉलेजं काढा, जागा वाढवा. बाकीचे म्हणतात, प्लॅनर असून तरी काय उपयोग, विकास आराखडा (डीपी) शेवटी मंत्रालयात ठरतो, पोरांनी सरळ सिव्हिल इंजिनिअरिंग करावं.

मी पुण्यात शिकले आणि आता बरीच वर्षं जर्मनीतल्या रुर खोऱ्यात एका नगरपालिकेच्या नियोजन खात्यात काम करते. दोन्ही मतं पोकळ नाहीत. पण पदवी हातात पडल्यापासून ते एखाद्याच्या जमिनीवर रस्त्याचं किंवा मैदानाचं आरक्षण टाकण्याइतका अधिकार हातात येईपर्यंत त्या मुलाचं काय होतं, कोण त्याला घडवतं, हे दोन्हीकडचं कुणी विचारत नाही. माझं सगळं म्हणणं त्या मधल्या काळाबद्दल आहे.

जागांचं आधी बोलते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे देशातल्या सगळ्या राज्यांच्या नगररचना खात्यांत मिळून नगररचनाकारांची मंजूर पदं चार हजारसुद्धा नाहीत आणि त्यातली ४२ टक्के रिकामी आहेत. गरज १२ हजारांवर आहे. त्याच अहवालात हेही म्हटलंय की कित्येक राज्यांत या पदासाठी नियोजनाची पदवी ही आवश्यक अटच नाही. मग नुसती कॉलेजं वाढवून मुलं जाणार कुठे? कन्सल्टंटकडे. तिथे ती उपग्रहाच्या छायाचित्रांवरून रंग भरतात, रात्री जागून अहवाल सजवतात, आणि ज्या गावाचा नकाशा केला त्या गावात एकदाही पाऊल न टाकता पुढच्या शहराच्या कामाला लागतात. त्यांच्या हुशारीबद्दल मला शंका नाही. त्यांना गावात पाठवणारंच कुणी नसतं.

माझ्या मामांची पुण्याच्या पूर्वेकडे थोडी जमीन आहे. एका आराखड्यात तिच्यातून डीपी रोड गेला, म्हणून मामा हरकत घेऊन सुनावणीला गेले. पिशवीत सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा, आजोबांच्या काळातलं वाटपपत्र. समोर समितीच्या सदस्यांच्या शेजारी लॅपटॉप घेऊन बसलेला तरुण मुलगा. त्याच्या पडद्यावर जुने सर्व्हे नंबर होते, मामांच्या उताऱ्यावर गट नंबर. पोटहिस्सा कुठे पडतो ते त्याला सापडेना. मामांनी खुर्ची पुढे ओढली आणि विहीर, बांध, शेजाऱ्याचा गोठा अशा खुणांवरून त्याला जागा दाखवली. तेवढ्यात वेळ संपली. ‘नोंद घेतली आहे’ म्हणून पुढचा नंबर पुकारला. मामा चिडले होते, पण त्या मुलावर नाही. ‘चांगला होता गं पोरगा,’ मला फोनवर म्हणाले, ‘त्याला कुणी शेतात नेलंच नसणार.’

मामांचं खरं होतं. मी शिकत होते तेव्हा मलाही सातबारा कुणी वाचायला शिकवला नाही. कब्जेदाराचं सदर कोणतं, इतर हक्कात कुणाची नावं येतात, पोटखराबा म्हणजे काय, फेरफारावरून घरातलं भांडण कसं ओळखायचं, यातलं काहीही अभ्यासात नव्हतं. एफएसआयचं, म्हणजे जमिनीवर किती बांधकाम करता येईल याचं, गणित मात्र झोपेतसुद्धा सोडवता यायचं. ज्या राज्यात आराखड्याचा प्रत्येक रंग शेवटी कुणाच्या तरी उताऱ्यावर जाऊन पडतो, तिथे ही उणीव लहान नाही.

आता इकडचं सांगते. डॉर्टमुंडच्या विद्यापीठात नियोजनाच्या मुलांना पहिल्याच वर्षी गटागटाने वर्षभराचा प्रकल्प करावा लागतो. विषय खरा असतो, माणसं खरी असतात आणि गटातली भांडणंही खरी असतात. पण मला त्याहून मोलाची वाटते ती पदवीनंतरची सोय. सरकारी नियोजन खात्यात वरच्या पदांवर जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी इथे सुमारे दोन वर्षांची पगारी उमेदवारी, म्हणजे काम करत शिकण्याची सोय, आहे. काही महिने नगरपालिकेत, काही विभागीय प्रशासनात, मग इतर खात्यांत. कायदा, अर्थसंकल्प, बैठक चालवणं, लोकांसमोर उभं राहणं, हे सगळं जुन्या अधिकाऱ्याच्या हाताखाली शिकायचं आणि शेवटी कठीण राज्यस्तरीय परीक्षा द्यायची. ही वाट सगळे धरत नाहीत. पण जे धरतात त्यांच्याकडे पुढे खात्याची सूत्रं येतात.

आमच्याकडे अशीच एक उमेदवार मुलगी होती. गावाच्या कडेला शेतजमिनीवर घरांचा आराखडा होता. जाहीर सभेत एक आजोबा उठले आणि म्हणाले, जोराचा पाऊस आला की माझ्या तळघरात पाणी शिरतं, वर घरं झाली की काय होईल? सभेतल्या बऱ्याच जणांना ते ऐकून माहीत होतं. आजोबा दर सभेत तेच सांगायचे. तिने मात्र पुढच्या आठवड्यात मलनिस्सारणाच्या अभियंत्याला बरोबर घेऊन ते घर गाठलं. उतार पाहिला, पाणी कुठून वळतं ते पाहिलं. मग तिने तक्ता लिहिला. एका रकान्यात आजोबांची हरकत, दुसऱ्यात खात्याचं उत्तर कारणांसह, तिसऱ्यात आराखड्यात केलेला बदल: दोन घरं कमी आणि त्या जागी पाणी वाहून नेणारा उथळ हिरवा पट्टा. हा तक्ता नगरसेवकांपुढे जातो, त्यावर मतदान होतं. सार्वजनिक आणि खासगी हितांचा तोल नीट तपासला नाही असं कोर्टाला दिसलं तर आराखडाच रद्द होऊ शकतो, म्हणून त्या तक्त्यातली ओळ न् ओळ काळजीने लिहावी लागते. तिने माझ्याकडून तो तीनदा दुरुस्त करायला परत नेला होता. माझ्या मते ती त्या कामात नियोजनकार झाली.

इकडे सगळं छान आहे असं म्हणण्यासाठी हे लिहीत नाहीये. इथली गती जीव काढते. रुर भागाच्या प्रादेशिक नियोजनाचा अधिकार एका संस्थेकडे २००९ मध्ये आला आणि आराखडा लागू व्हायला २०२४ उजाडलं. सभांना येतात ते बहुतेक निवृत्त, स्वतःचं घर असलेले लोक. भाडेकरू, तरुण आणि माझ्यासारखे बाहेरून आलेले क्वचित दिसतात. उमेदवारीला माणसं मिळत नाहीत म्हणून खाती ओरडतात.

आणि पुण्याकडे जे आहे ते इथे नाही. पुणे महापालिकेच्या जुन्या हद्दीच्या २०१३ च्या प्रारूप आराखड्यावर ८७ हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या होत्या. माझ्या जर्मन सहकाऱ्यांना हा आकडा सांगितला तर ते पुन्हा विचारून खात्री करतात. पुण्यात या आकड्याकडे अडथळा म्हणून पाहिलं गेलं. आराखडा पुढे २०१५ मध्ये सरकारने ताब्यात घेतला आणि २०१७ मध्ये मंजूर केला. मला त्यात शहराने स्वतःबद्दल लिहून दिलेली माहिती दिसते. कुठल्या गल्लीत मैदान हवंय, कुठल्या नाल्यावर भराव पडलाय, कुणाचं घर रस्त्यात जातंय. त्यातल्या शंभर-शंभर हरकती एकेका विद्यार्थ्याला द्या, नावं झाकून द्या हवं तर, आणि सांगा: जागेवर जा, बघा, आणि तीन रकान्यांत उत्तर लिहा. याहून चांगला अभ्यासक्रम बाहेरून आणायची गरज नाही.

खरं तर पुण्याला हे परकंही नाही. गोखले इन्स्टिट्यूटमध्ये अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी १९३६-३७ मध्ये पुण्याची घरोघर पाहणी करून घेतली होती. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस १९१५ च्या सुमारास मुंबई इलाख्यातली गावं पायी हिंडला आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात नागरिकशास्त्र आणि समाजशास्त्राच्या अध्यासनावर आला. आधी रोग ओळखावा, मग औषध द्यावं, ही त्याची शिकवण. भारतातला पहिला नगररचना कायदासुद्धा मुंबई इलाख्याचाच, १९१५ चा. आपण सुरुवात फार लवकर केली होती.

पुण्यातल्या आंबील ओढ्याचं उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजपासून खाली पाण्याचा लोंढा आला, माणसं गेली, घरं गेली. डीपीच्या नकाशावर ओढा म्हणजे एक निळी रेघ. ओढ्याकाठच्या अरण्येश्वरच्या बायकांना विचारा, पाणी जिन्याच्या कितव्या पायरीवर होतं ते त्या बोट ठेवून दाखवतील. कुठे भिंतीने पात्र आवळलंय, कुठे पुलाखाली गाळ बसतो, कुठल्या सोसायटीने कंपाउंड पुढे सरकवलं, हे उगमापासून मुठेपर्यंत चालल्याशिवाय कळत नाही. इथे रुरमधल्या एम्शर नदीला शंभर वर्षं उघडं गटार करून ठेवलं होतं. १९९२ पासून तीस वर्षं खपून, सुमारे साडेपाच अब्ज युरो घालून, २०२१ च्या अखेरीस ती सांडपाण्यातून मुक्त केली. एवढा पैसा पुण्यापाशी नाही, मान्य. ओढा चालत बघायला मात्र पैसा लागत नाही.

दुसऱ्या मताचं काय, की शेवटी सगळं वरच ठरतं? ठरतं, हे मी नाकारत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना (एमआरटीपी) कायद्याप्रमाणे हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले चारपर्यंत तज्ज्ञ असतात, आणि अंतिम मंजुरी सरकारची. दबाव इथेही येतो. माझ्या टेबलावरही आलाय. पण आरक्षण का ठेवलं याची जागेवर तपासलेली, सही केलेली कारणं फाइलमध्ये असतील तर ते उठवणाऱ्याला त्या कारणांना उत्तर द्यावं लागतं, आणि नागरिकांना कोर्टात धरायला काहीतरी हाती लागतं. फाइलमध्ये फक्त ‘नोंद घेतली’ असेल तर उठवणाऱ्याचं काम सोपं होतं. कारणं लिहिणं हे शिकवावं लागतं, आणि ते शिकवण्याची वेळ नोकरीच्या आधीची आहे. नंतर माणूस बदल्या आणि वरिष्ठ यांत अडकतो.

माझी मागणी छोटी आहे. राज्याचं नगररचना संचालनालय पुण्यातच, सेंट्रल बिल्डिंगमध्ये आहे. प्लॅनिंग शिकवणारं सीओईपी हे तंत्रज्ञान विद्यापीठ शिवाजीनगरला, रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांवर. पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका, पीएमआरडीए, भूमी अभिलेख कार्यालय, सगळं त्याच परिघात. या सगळ्यांनी मिळून पदवीधरांसाठी दोन वर्षांची पगारी उमेदवारी सुरू करावी. सहा महिने तलाठ्याबरोबर आणि मोजणीदाराबरोबर, सहा महिने सध्याच्या जमीनवापराच्या पाहणीवर, उरलेलं वर्ष हरकतींच्या टेबलावर आणि पाणी, मलनिस्सारण, वाहतूक विभागांत. एमपीएससीतून येणाऱ्या सिव्हिल आणि आर्किटेक्चरच्या मुलांनाही त्यातूनच न्यावं. पैसे कुठून, असं कुणी विचारेल. एक आराखडा रद्द होऊन पुन्हा करायला किती खर्च येतो ते पीएमआरडीएला विचारावं.

पीएमआरडीए क्षेत्राचा रद्द झालेला आराखडा आज ना उद्या पुन्हा करावाच लागणार आहे, आणि त्याची पहिली पायरी जमीनवापराची पाहणी हीच असेल. पहिली तुकडी तिथूनच घ्यावी, आणि त्या मुलांनी पाहणीत जी गावं पायाखाली घातली, त्याच गावांच्या सुनावणीत त्यांना बसवावं.