नोबिता कोमात नाही, खण रिकामा ठेवा

परवा रात्री अमळनेरहून ताईचा फोन आला. आमचे भाचेबुवा, वय वर्षे आठ, ताटावर बसायला तयार नाहीत. फोन त्याच्या हातात दिला तर रडक्या आवाजात एकच प्रश्न, "मामा, नोबिता मरी गया का?"

नोबिता म्हणजे 'डोरेमॉन' या जपानी कार्टूनमधला ढ शाळकरी पोरगा, आणि डोरेमॉन म्हणजे त्याच्याकडे भविष्यातून आलेला निळा रोबो-बोका, पोटाच्या पिशवीतून जादुई गॅजेट काढणारा. कारण निघालं फॅमिली ग्रुपवरचा एक मेसेज. नात्यातल्याच एका काकांनी ढकललेला, वर 'रडू आवरणार नाही, शेवटपर्यंत वाचा' अशी धमकी. मजकूर असा की, नोबिता अपघातानंतर कोमात पडलाय. डोरेमॉन वगैरे काही नाहीच, पोटाच्या पिशवीतून निघणारी सगळी जादू नोबिताच्या डोक्यातली. म्हणून ती त्याच्या मनासारखी चालते आणि मेंदू थकला की फसते. गल्लीत कुणाला निळ्या बोक्याचं नवल वाटत नाही आणि पोरं वर्षानुवर्षे मोठी होत नाहीत, हे पुरावे. वर कळस म्हणजे, लेखकाने स्वतःच शेवटच्या भागात हे काढून ठेवलंय म्हणे.

पोराने टेबलाचा खण कित्येक महिने रिकामा ठेवला होता. कार्टूनमधलं टाइम मशीन नोबिताच्या टेबलाच्या खणातूनच निघतं ना! मेसेज वाचल्यावर त्याने त्यात स्केचपेनं, जुन्या वह्या, तुटका भोवरा असं सगळं कोंबलं. ताईने फोटो पाठवला. तेव्हा माझं टाळकं सरकलं.

आधी तो 'शेवटचा भाग'. लेखक फुजिको एफ. फुजिओ 1996 साली गेले. त्यांनी मालिकेचा शेवट केलाच नाही. कोमाची ही गोष्ट जपानातली शाळकरी पोरं ऐंशीच्या दशकातही एकमेकांना सांगत होती, काकांना ती आता मिळाली एवढंच. यात अर्धी गोष्ट खरी आहे, तीही देऊन टाकतो: 1974 साली एका कथेत डोरेमॉन खरंच भविष्यात परत जातो. त्याने निर्धास्त जावं म्हणून नोबिता रात्री एकटा वर्गातल्या दांडगट जियानशी भिडतो, मार खातो पण सोडत नाही. वाचताना माझेही डोळे भरले होते. पण पुढच्याच महिन्यात डोरेमॉन परत आला. दवाखाना नाही, सलाइन नाही, काही नाही.

आता 'जादू त्याच्या मनासारखी चालते' हा मुद्दा. हे लिहिणाऱ्याने एक तरी भाग पाहिलाय का? 1984 च्या चित्रपटात नोबिता डोरेमॉनच्या टेलिफोन बूथमध्ये शिरून सांगतो की, जगात विज्ञानाच्या जागी जादू असती तर! जग तसं होतंही. आणि साहेब तिथेही ढ! शाळेत जादूचाच अभ्यास आणि त्यातही हा मागे. स्वप्न माझं असतं तर मी निदान पास तरी झालो असतो! पुढे ते जग संकटात सापडतं. डोरेमॉनची बहीण डोरामी तसलाच बूथ घेऊन येते, पण बजावते की, आपण परत गेलो तरी हे जग पुसलं जाणार नाही, ते समांतर चालूच राहील. म्हणजे तिथली माणसं संकटातच. म्हणून पोरं परत लढायला जातात. सांगा, कोमातल्या माणसाचं स्वप्न त्याने डोळे उघडल्यावरही चालू राहतं का?

आणि गॅजेट नोबितापुरती कुठे चालतात? जियान ती हिसकावून वापरतोच की. ती फसतात कारण वापरणारा हावरट असतो, नाहीतर सूचना ऐकत नाही. नव्या मोटरचा कागद न वाचता स्टार्टर दाबणारे आमच्याकडे काय कमी आहेत?

मुळात डोरेमॉन येतो कशाला, हे मेसेजवाल्याने सोयीने गाळलंय. मोठेपणी नोबिताचा धंदा बुडतो आणि ते कर्ज खापरपणतू सेवाशीपर्यंत फिटत नाही, म्हणून तो बावीसाव्या शतकातून हा रोबो पाठवतो. चार पिढ्यांची थकबाकी कोण स्वप्नात बघतं? आपल्याकडचा सोसायटीचा खातेदार ती जागेपणी बघतो.

पिशवी चौथ्या मितीची आहे म्हणे. हे स्पष्टीकरण कच्चं आहे, मान्य. पण कच्चं म्हणजे कोमा नव्हे. बोक्याचं नवल का नाही? पंचतंत्रात कावळा बोलतो तेव्हा कोण दचकतं? पोरं मोठी होत नाहीत कारण ते कार्टून आहे. पुढे.

काकांना मी ग्रुपवरच विचारलं, हे कुठून आणलं? उत्तर आलं, "मला आलं तसं पुढे पाठवलं, खरंखोटं तुम्ही बघून घ्या." बघून घेतलं, काका. आता अमळनेरला फोन लावा आणि हे त्याला तुमच्या तोंडाने सांगा. जेवणाच्या आधी.