मेंदीचे कुंपण आणि अठरा व्होल्ट

सहकारनगरमधील आमच्या बंगलीच्या दर्शनी बाजूला मेंदीचे कुंपण आहे. लांबी बत्तीस फूट आणि उंची, निदान कागदोपत्री, चार फूट. गेली वीस वर्षे एक माळीमामा महिन्यातून एकदा येऊन मोठ्या कात्रीने ते कापत आले आहेत, आणि त्या कामात विचार करण्यासारखे काही असते अशी शंकाही मला कधी आली नव्हती. यंदा जूनमध्ये मामा पेरणीसाठी गावी गेले, ते ‘गणपतीच्या आधी येतो’ असा निरोप ठेवून. पावसाळा मेंदीला फार मानवतो. जुलैच्या मध्यापर्यंत तिने फाटकाजवळची ‘फाटकासमोर वाहन लावू नये’ ही पाटी पूर्णपणे गिळली आणि तिसऱ्याच दिवसापासून तेथे एक निळी स्कूटर उभी राहू लागली. स्कूटरच्या मालकाला मी हटकले, तेव्हा त्याने अत्यंत नम्रपणे ‘पाटी कुठे आहे?’ एवढेच विचारले. न दिसणारी सूचना पाळण्याची प्रथा आमच्या गावात नसल्यामुळे मी निरुत्तर झालो.

प्रथम मी कात्रीच हाती घेतली. अर्ध्या तासात सहा फूट कुंपण कापून झाले आणि तेवढ्यात त्याच्या माथ्याला कात्रजच्या घाटाची कळा आली. शिवाय उजवे कोपर असे धरले की डॉक्टरांकडे जावे लागले. त्यांनी ‘टेनिस एल्बो’ असे निदान केले. मी जन्मात टेनिसची रॅकेट हाती धरलेली नाही हे मी त्यांना सांगून पाहिले, परंतु निदान बदलले नाही. त्या दिवशी, यंत्र घ्यायचे, असे ठरले. ठरवायला एक मिनिट लागले. निवडायला सहा आठवडे.

हेज ट्रिमर नावाचे हे यंत्र तीन जातींचे असते: पेट्रोलवर चालणारे, वायरचे आणि बॅटरीचे. पेट्रोलच्या यंत्राकडे माझा आरंभी ओढा होता, कारण त्याचे इंजिन टू-स्ट्रोक असते आणि पेट्रोलमध्ये मोजून ऑइल मिसळण्याची कला मी चेतक स्कूटरच्या काळात आत्मसात केलेली आहे. एक लिटरला वीस मिलिलिटर म्हणजे एकास पन्नास, चाळीस म्हणजे एकास पंचवीस. हे प्रमाण उच्चारतानाही मला तरुण झाल्यासारखे वाटते. मात्र पाच-सहा किलोंचे धूर सोडणारे यंत्र घेऊन रविवारी सकाळी बत्तीस फूट मेंदी कापणे म्हणजे आळीतील सर्वांच्या झोपेचे श्राद्ध घालणे आहे, असे पत्नीचे मत पडले आणि तो विषय संपला.

वायरच्या यंत्राची शिफारस शेजारच्या काकांनी केली. काका पिंपरीच्या एका कारखान्यातून अभियंता म्हणून निवृत्त झाले असून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पेन असते तेथे जाडी मोजायचा व्हर्नियर कॅलिपर असतो. पाचशे वॅटचे यंत्र, वजन बेताचे, किंमत त्याहून बेताची आणि चार्जिंगची कटकट नाही, असे त्यांनी मला पटवून दिले. मग त्याच उत्साहात ते पुढे बोलत राहिले: हे यंत्र वापरणारा मनुष्य सर्वांत आधी स्वतःची वायरच कापतो, म्हणून वायर नेहमी खांद्यावरून पाठीमागे सोडावी, विजेची गळती तीस मिलिअँपिअरला पोहोचताच वीज तोडणारा ईएलसीबी बसवून घ्यावा आणि पाने ओली असताना यंत्राला हातही लावू नये. जुलैमध्ये पुण्यातील मेंदीची पाने कोरडी कधी असतात, हे मात्र त्यांना सांगता आले नाही.

उरली बॅटरी. येथे एक कंपनी अठरा व्होल्ट म्हणते आणि दुसरी वीस, आणि मी आठ दिवस वीसच्या बाजूला होतो. शेवटी काकांनीच उलगडा केला. दोन्हींत पाचच सेल असतात. प्रत्येकी ३.६ व्होल्ट धरले की अठरा होतात आणि नुकत्याच चार्ज केलेल्या सेलचे प्रत्येकी चार धरले की वीस. म्हणजे अठरा हा कार्पेट आणि वीस हा सुपर बिल्ट-अप! इतकी वर्षे पुण्यात राहून हे मला आपण होऊन कळू नये, याचे वाईट वाटले.

पात्याच्या लांबीचा प्रश्न त्याहून अवघड होता. साठ सेंटिमीटरचे पाते सरळ कुंपणावर झपाट्याने चालते, परंतु यंत्राचा तोल पुढे जातो आणि सगळे वजन मनगटावर येते. साडेतीन किलो म्हणजे नेमके किती, हे कळावे म्हणून मी तेवढे आंबेमोहोर तांदूळ पिशवीत भरले आणि ती पिशवी खांद्याच्या उंचीवर धरून दिवाणखान्यात डावीकडून उजवीकडे चालू लागलो. चौथ्या फेरीला पत्नी बाहेर आली. ‘अहो, ते निवडून ठेवलेले तांदूळ आहेत,’ एवढेच ती म्हणाली. पाते पन्नास सेंटिमीटरचे घ्यायचे, हे त्या फेरीतच ठरले.

आता फक्त दातांमधील अंतर पाहायचे होते, कारण दोन दातांच्या फटीत जेवढी फांदी शिरते तेवढीच कापली जाते. काकांनी व्हर्नियर लावून आमच्या मेंदीची जाड फांदी चौदा मिलिमीटर भरल्याचे जाहीर केले, तेव्हा मी सोळा मिलिमीटर फटीचे यंत्र नक्की केले. पुढे दोन्ही पाती हलणारे घ्यावे की एकच, यावर पंधरा दिवस गेले. (दोन्ही पाती उलटसुलट हलली की हादरे एकमेकांना बरेचसे खातात, म्हणून कोपर दुखावलेल्याने तेच घ्यावे, हे माझे ठाम मत आहे.) त्यानंतर काकांनी खात्रीसाठी पुन्हा मोजले, तर तीच फांदी सतरा भरली. माझा अभ्यास चालू होता तसाच मेंदीचाही चालू होता, आणि तिची प्रगती अधिक होती. मी वीस मिलिमीटरकडे वळलो आणि तिला आणखी संधी न देता दुसऱ्याच दिवशी रविवार पेठेतील बोहरी आळी गाठली.

दुकानदाराने हवे तेच यंत्र काढून दिले. मी दात मोजले, पाती पाहिली, दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय चालू न होणारा दुहेरी खटका तपासला, पैसे मोजले आणि खोके मांडीवर घेऊन रिक्षाने विजयी मुद्रेने घरी आलो. खोक्यात यंत्र होते, पात्याचे म्यान होते आणि अनेक भाषांतील माहितीपुस्तिका होती. बॅटरी नव्हती, चार्जरही नव्हता. खोक्याच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत तसे लिहिलेले होते आणि सहा आठवड्यांत मी वाचायची राहिलेली तेवढीच एक ओळ होती. दोन्ही वस्तू मिळून यंत्राच्याच किमतीला पडत होत्या. त्या आल्या आठ दिवसांनी, आणि त्याच संध्याकाळी मामा गावाहून आले.

मामांनी यंत्र एका हाताने उचलून पाहिले आणि ‘बरंय’ म्हणाले. माझे सहा आठवडे त्यांनी तीन अक्षरांत उरकले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन काठ्या रोवून सुतळी बांधली, बुंध्याशी असलेल्या अंगठ्याएवढ्या फांद्या आधी करवतीने काढल्या आणि खालच्या पानांना ऊन मिळावे म्हणून कुंपण वर किंचित निमुळते ठेवत वीस मिनिटांत बत्तीस फूट संपवले. पाटी बाहेर आली. पात्यांवरचा चीक पुसून त्यांना पत्नीच्या शिलाई मशीनचे तेलही मामांनीच दिले. यंत्राविषयी त्यांची तक्रार एकच होती.

‘साहेब, दोन्ही हात अडकतात ह्याच्यात. तंबाखू मळायची कधी?’

आता शनिवारी संध्याकाळी मामा यंत्र घेऊन जातात आणि रविवारी आळीतील चार बंगल्यांची कुंपणे कापून, काकांचेही त्यात आले, रिकाम्या बॅटरीसह परत आणून देतात. बॅटरी चार्जिंगला लावण्याचे काम माझ्याकडे आहे. गेल्या शनिवारी मी ते विसरलो, तेव्हा मामा मला बरेच बोलले.